करवंटीतला साबण

आमच्या घरात कोणतीच वस्तू संपत नसे. घर भरलेलं होतं म्हणून नव्हे. संपली असं म्हणायचा अधिकार एकट्या मायला होता, आणि ती तसं कधी म्हणत नसे. तेल सरलं की लोकांच्या घरी बाटली रिकामी होत असे, आमच्या घरी ती उलटी होत असे. माय तिला भिंतीच्या कडेला उन्हात वाटीवर पालथी उभी करायची आणि ऊन सरकलं की बाटलीही सरकवायची. वऱ्हाडातल्या उन्हात दगडाला घाम फुटतो, बाटली काय चीज आहे. संध्याकाळपर्यंत वाटीच्या तळाला एका फोडणीपुरतं तेल जमायचं आणि विहिरीला पाणी लागल्यासारखी माय ती वाटी सगळ्यांना दाखवायची. त्यानंतर बाटलीत गरम पाणी घालून खळखळवायची आणि ते पाणी पिठात. रॉकेलचंही तसंच. चिमणीतलं रॉकेल तळाला गेलं आणि वातीला पोचेनासं झालं की माय आत चमचाभर पाणी सोडायची. पाणी खाली बसतं, रॉकेल वर येतं, वात पुन्हा जळते. हे शास्त्र मी शाळेत शिकलो नाही, कारण चौथीत मी दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा मला बसवून घ्यायला मास्तर तयार नव्हते. घरीही नीट शिकलो नाही. एकदा माय शेतात गेली असताना मी चमच्याऐवजी तांब्यानं पाणी ओतलं. रॉकेल वर आलं, आणखी वर आलं, आणि बाहेर येऊन सारवलेल्या जमिनीवर पसरलं. माय परत आली तेव्हा मी ते फडक्यानं टिपून चिमणीत पिळत बसलो होतो. तिनं मारलं नाही. पोराला पिळायची तरी अक्कल आली, असं तिला वाटलं असावं.

लोणच्याची बरणी खाली होण्याचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा वाटायचा. फोडी संपल्या, नुसता खार आणि मसाला भिंतीला चिकटलेला, की माय ज्वारीची गरम भाकर कुस्करून बरणीत टाकायची, वरून तोंड बांधून बरणी हलवायची आणि मग आम्ही हात घालून खायचो. तसली चव मला पुढं कुठल्याही लग्नाच्या पंगतीत मिळाली नाही. माझा हात मोठा. एकदा आत गेला तो निघेचना. शेजारची काकू म्हणाली, "बरणी फोडा लागते आता." तेव्हा मायनं एकदा बरणीकडे आणि एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मला स्वच्छ दिसलं की दोघांतलं काय फोडायचं हे तिचं अजून ठरायचं होतं. शेवटी गोडं तेल न लावता, कारण तेल वाया जाईल, नुसत्या पाण्यानं हात निघाला. सालपटं गेली. बरणी अजून आहे.

वाटीतलं वरण संपलं की तीत घोटभर पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि प्यायचं. बाबा प्यायचे, माय प्यायची, आम्ही प्यायचो. ही सवय मोडली नाही. मागं मुलानं अकोल्यात मोठ्या हॉटेलात नेलं होतं, त्याच्या साहेबांसोबत. भाजी चांगली होती, वाटीला तर्री चिकटून होती. मी पाणी घातलं, फिरवलं आणि पिऊन टाकलं. मुलगा पंख्याकडे पाहत बसला. वेटर मात्र घरंदाज, तो म्हणाला, "काका, आणखी पाणी देऊ का?" मी म्हटलं, "नको बाप्पा, झाली साफ." घरी आल्यावर मुलगा फुगून बसला, आणि पंचफुला, माझी बायको, पदर तोंडाला लावून हसत होती. ती असली की माझ्या चुका चुका वाटत नसत. आता ती नाही, आणि सून डोळे वटारते तेव्हा ते सरळ मलाच लागतं.

पण मला सांगायचं आहे ते साबणाचं. आमचं गाव तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात. जमीन काळी, कापूस चांगला, पाणी मात्र खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. घासत राहा, अंगावर नुसता चिकट पांढरा थर बसतो, तो धुवायला आणखी दोन बादल्या पाणी, आणि बादल्या आणायच्या विहिरीवरून. म्हणून आमच्याकडे साबणाला फार जपत. नवी वडी आली, ती दिवाळीलाच यायची, की जुनीचा उरलेला चपटा तुकडा माय ओला करायची, नव्या वडीच्या पोटाशी धरून दाबायची आणि रात्रभर सोडून द्यायची. सकाळी तो तुकडा निघत नसे. दोन्हींचं एकच झालेलं असे. "वडी संपू द्याची नाही," ती म्हणायची. पण दिवाळी लांब असली की तुकडे एका मडक्यात जायचे. अंगाच्या साबणाचे, कपड्याच्या साबणाचे, पाहुणे विसरून गेलेले, लाल, हिरवे, पिवळे, सगळे. मडकं भरलं की माय त्यांना थोड्या पाण्यात शिजवायची, खाऱ्या पाण्यात दम यावा म्हणून मूठभर धुण्याचा सोडा टाकायची आणि तो रांधा नारळाच्या करवंटीत ओतायची. वाळला की करवंटीच्या आकाराचा, शेणाच्या रंगाचा गोळा निघायचा. आम्ही त्याच गोळ्यानं अंग धुवायचो, त्यानंच कपडे, आणि बाबा त्यानंच बैलांची शिंगं घासायचे. बैलांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही केली नाही.

मी विशीत आलो, तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलू लागलो, आणि अमरावतीचं एक स्थळ आलं. मुलगी पाहायला गेलो. लोक विचारतात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटलं. खरं सांगतो. मी आधी हात धुवायला मोरीत गेलो, तिथल्या साबणाला नुसता हात लावला आणि ओंजळभर फेस. पांढरा, हलका, उडणारा. मी तसाच उभा राहिलो. बाबांनी बाहेरून दोनदा हाक मारली. मुलगी मी नंतर पाहिली. गव्हाळ, बारीक, पोह्यांचं ताट धरलेले हात धुण्यानं खरबरीत झालेले. चार बहिणींत थोरली, घरभराचं धुणं तिच्या वाट्याला. मला पसंत पडली, पण फेस आधी पसंत पडला होता हे तिला मी लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग साबणासंग लगन कराचं होतं न. थो भांडला नसता."

लग्न उन्हाळ्यात ठरलं, तिच्याच दारी, अमरावतीत, गोरजावर. माय तेल्हाऱ्याच्या बाजारातून एक वडी घेऊन आली. गुलाबी कागदातली, वर फुलाचं चित्र. ती घरात आली तशी सगळं घर घमघमलं. मी समजलो माझी. आदल्या संध्याकाळी हळद झाली. बायांनी मला पाटावर बसवून असं रगडलं की जणू मी भिंत आणि त्या सारवायला बसल्या आहेत. कानामागं, मानेत, बोटांच्या बेचक्यांत, कुठंही मोकळी जागा ठेवली नाही. उरलेली हळद, तिला उष्टी हळद म्हणतात, ती नवरीला लावायची असते. मायनं ती वाटीत काढली, ताट बोटानं निपटलं, घोटभर पाणी घालून ताट धुतलं आणि ते पाणीही वाटीत ओतलं. वाटी फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळीला बसलो आणि हात पुढं केला.

"माय, वडी दे."

मायनं करवंटीतला गोळा हातात ठेवला.

"हा काहून? नवी आणली न तू."

"थे नवरीच्या, फुलीच्या ताटात जाईन. एकच हाये. पोरगी गोड्या पाण्यातली, तिले आपला गोळा दाखवाचा का? तू घरचाच हायेस."

"अवं पण नवरदेव मी हावो!"

"नवरदेव अमरावतीले होशीन. इथं अजून माहाच पोट्टा हायेस. घास लवकर, ट्रक उभा हाये."

मी घासला. गोळा त्या खेपेला भलताच कडक निघाला होता, सोडा जास्त पडला होता. पाणी दोन तांबेच मिळालं, कारण सगळं वऱ्हाड आंघोळीला रांगेत होतं. अंगावर थर तसाच राहिला. वरून पांढरा सदरा चढवला, डोक्याला बाशिंग बांधलं आणि कापसाच्या ट्रकमध्ये गादीवर बसलो.

अकोला येईपर्यंत ऊन वर आलं आणि मला घाम फुटला. मानेला खाजायला लागलं. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा माझ्या आतेभावानं माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "सुख्या, तुही मान काहून अशी झाली बे?" ट्रकच्या आरशात पाहिलं. जिथं जिथं घाम आला तिथं तिथं मी लाल झालो होतो. गुलाबी नव्हे, लाजल्यासारखा नव्हे, विटकरीसारखा, चट्ट्याचट्ट्यांनी. गळा लाल, कान लाल, सदऱ्याची कॉलर लाल. आणि सोड्यानं कातडी चुरचुरत होती ती वेगळीच. मी मायकडे पाहिलं. माय दुसरीकडे पाहू लागली. तिला कळलं होतं. हळदीच्या डागाला धुण्याचा साबण लागला की तो लाल होतो, हे घरचं धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. पुरुषांना नसतं, कारण आम्ही डाग फक्त पाडतो.

माय माझ्या कानाशी आली. "कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "नवरदेवाले कपड्याच्या साबणानं न्हाऊ घातलं असं तिथं कळलं, त माहं नाक कापल्या जाईन. उतरते थे. घाम येऊ देऊ नको." वऱ्हाडातला उन्हाळा, उघडा ट्रक, आणि घाम येऊ देऊ नको.

अमरावतीत वऱ्हाडाला उतरायला शाळेची एक खोली दिली होती. तिथं पोचेपर्यंत मी गळ्यापासून कमरेपर्यंत चट्टेदार झालो होतो. पोचल्याबरोबर मायनं हळदीची वाटी आणि वडी असलेलं ताट नवरीकडे धाडून दिलं. इकडे पोरीचा मामा पाणी विचारायला आला आणि मला पाहून थबकला. मामा एका दवाखान्यात कंपाउंडर होता. बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून चिकटवून त्याला असं वाटायला लागलं होतं की डॉक्टर नुसता सह्या करायला आहे. त्यानं माझा सदरा काढायला लावला, पाठ फिरवायला लावली, जीभ बाहेर काढायला लावली, पापणी खाली ओढून पाहिली. मग हात पुसत सगळ्यांसमोर म्हणाला, "रक्तदोष हाये."

बाबा म्हणाले, "कालपर्यंत त काहीच नव्हतं बुवा."

"कालपर्यंत लपवलं असंन तुमी. हळदीखाली लपते. म्या असे लय पाह्यले. पोरगी काय वाऱ्यावर आली हाये का आमची? लगन थांबवा. उद्या डॉक्टरले दाखवू, मंग पाहू."

उद्या पाहू म्हणजे काय ते तिथल्या सगळ्यांना कळत होतं. दारातून परत गेलेला नवरदेव, रक्तदोषाचा. त्याला नंतर कोण पोरगी देणार? आणि दारचं वऱ्हाड परत गेलेली पोरगी, तिला तरी कोण? गोरज तासाभरावर आला होता. मांडवातून वाजंत्र्याचा आवाज येत होता, तो कोणी थांबवला नव्हता अजून, आणि मला आठवतं, सनई ऐकून मला पहिल्यांदा रडू यायला लागलं. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. साबण. एवढंच. मामा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "जवाईबुवा, खरं सांगा. कधीपासून हाये हे?" मी मायकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे माझ्या तोंडाकडे होते. मी म्हटलं, "उष्णतेनं झालं असंन." आयुष्यात एकदाच मर्दासारखं बोलायची वेळ आली होती, आणि मी उष्णतेवर ढकललं.

मग माय उठली. ती कधी परक्या पुरुषांपुढं उभी राहून बोलली नव्हती. तिनं पदर नीट केला, दोन पावलं पुढं आली आणि म्हणाली, "भाऊ, पोराचा काही दोष नाही. चुकलं माहं..." पुढचं ती सांगणार तेवढ्यात दारातून पोरीची आई आत आली, माझी सासू. तिच्या मुठीत लिंबाची अर्धी साल होती. पिळून झालेली. सरबताच्या घंगाळाजवळ अशा सालींचा ढीग पडला होता, त्यातली.

"फुली म्हणते, हे चोळा नवरदेवाले," सासू म्हणाली. "काहून म्हटलं त सांगत नाही. नुसती म्हणते, चोळाच."

"लिंबू!" मामा म्हणाला. "नजर! अरे हो, नजर बी असू शकते. पोरगं दिसाले बरं हाये." त्या दिवशी मला कोणी बरं म्हणालं ते एवढंच. सासूनं ती साल माझ्यावरून सात वेळा उतरवली आणि मग माझ्या मानेवर चोळली.

बाप्पा! सोड्यानं सोललेल्या कातडीवर लिंबू. मी असा बोंबललो की मांडवातली सनई थांबली. मामा ओरडला, "निघून राह्यली! बाधा निघून राह्यली! चोळा!" सासू घाबरून जोरात चोळायला लागली. आणि मग मी बोंबलायचं विसरलो. कारण जिथं जिथं साल फिरत होती तिथं तिथं लाल जाऊन पिवळं येत होतं. सरळ पट्टा, विटकरीतून हळद. बाबांनी हात जोडले. मामानं स्वतः सालीचा ढीग मागवला आणि मला पाटावर बसवून वरपासून खालपर्यंत लिंबवलं. गोरजावर मी बोहल्यावर उभा होतो, पिवळाधमक, डोळ्यांतून पाणी गळणारा, अंगाला सरबताचा वास. अंतरपाट सरला तेव्हा मी पंचफुलेकडे पाहिलं. ती हसू दाबत होती. तिच्या गालांना लावलेली हळद पाण्यासारखी पातळ होती. ती माझीच उष्टी, मायनं ताट धुवून पुरवलेली.

मामा नंतर चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात ही हकीकत सांगायचा. रक्तदोष असा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. पहिल्या नजरेतच आपण बाधा ओळखली होती, असं त्याचं म्हणणं. त्या घराण्यात आजही नवरदेवाच्या खिशात लिंबू ठेवतात. पंचफुला आणि मी पंगतीत समोरासमोर बसून ते ऐकायचो आणि ती माझ्याकडे न पाहता म्हणायची, "मामा, मठ्ठा घ्या."

तिला कसं कळलं ते मला गावी परत आल्यावर कळलं. पहिल्या सकाळी ती नहाणीत गेली. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा, नव्या नवरदेवाला शोभेल असा मूर्ख चेहरा करून. आतून आवाज आला.

"आत्याबाई, हाच का थो?"

माय चुलीपुढून उठून गेली. फुलीच्या हातात गोळा होता. "वाटीचं फडकं कडेकडेनं लाल झालं होतं," ती म्हणाली. "हळद सांडली थितं. म्हटलं, फडक्याले लागला थो साबण अंगाले बी लागला असंन. घरी मी हळदीचे डाग लिंबाच्या सालीनंच काढतो. साली फेकत नाही आमी, तांब्याचे भांडे बी त्यानंच घासतो."

मायनं गोळा तिच्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "नवी वडी एकच होती वं बाई. थे तुले धाडली."

फुली बाहेर आली, माझ्यासमोरून गेली, तिची पत्र्याची पेटी उघडली आणि गुलाबी कागदातली वडी घेऊन परत गेली. कागदाची घडीसुद्धा उकललेली नव्हती.

"मंग तू कायनं न्हाली लग्नाच्या दिवशी?" मायचा आवाज.

"घरी तुकडे होते न."

आधी माय हसली. मायला असं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, तिच्या हसण्याचीही ती बचत करत असे. मग दोघी हसायला लागल्या, एकमेकींना धरून, आणि मला बाहेर टॉवेल घेऊन उभं राहून कळलं की आता या घरात आपलं काही खरं नाही. माय म्हणाली, "फोडाची का आता?" फुली म्हणाली, "राहू द्या. दिवाळीले."

दिवाळीला नाही फोडली. मुलाच्या बारशाला फोडू म्हटलं, तर कोणीतरी एक वडी आहेरात आणली. अकोल्यात दालमिलमध्ये नोकरी लागली, बिऱ्हाड हललं, वडी पेटीतून पेटीत. पंचफुला ती लुगड्यांच्या घडीत ठेवायची, लुगड्यांना वास लागतो म्हणून. माय गेली तेव्हा मी म्हटलं, आता तरी काढ, कोणासाठी ठेवतेस. ती म्हणाली, "असू द्या. मायची हाये." पुढं तिचं दुखणं वाढलं, तेव्हा सुनेनं पंप दाबायचा पातळ साबण आणला. तो तळाला गेला की पंचफुला अंथरुणातून मला सांगायची, "पाणी घाला त्यात, अजून आठ दिवस जाते." मी घालायचो. सून म्हणायची, "बाबा, नुसतं पाणीच आहे ते." मी म्हणायचो, "आठ दिवस थांब." नवव्या दिवशी ती बाटली खरंच संपली. पंचफुला त्याच्या आदल्या दिवशी गेली. बाटलीत अजून पाणी घालता आलं असतं, मी घातलं नाही.

दहा महिने झाले. परवा सुनेनं पंचफुलेची पेटी उघडली, लुगडी नातलगांना द्यायची म्हणून. "बाबा, हा जुना साबण कोणाचा? फेकू का?" गुलाबी कागद पांढरा पडला होता, फुलाचं चित्र ओळखू येत नव्हतं. मी तो तिच्या हातातून असा ओढला की ती दचकली. आयुष्यभर आम्ही तिघं स्वतःला फार हुशार समजत होतो. तेलाचा थेंब सोडला नाही, वरणाचं पाणी सोडलं नाही, पिळलेलं लिंबू दोनदा कामाला लावलं. आणि एक अख्खी वडी पन्नास वर्षं न वापरता तशीच ठेवली. याला काय म्हणायचं ते चौथीत दोनदा बसलेल्या माणसाला सुचत नाही.

काल सकाळी मी कागद काढला. वडी दगडासारखी कडक, भेगा पडलेली. नाकाशी धरली. साबणाचा वास कधीच उडाला होता. जो येत होता तो तिच्या लुगड्यांचा होता. नहाणीत पाट मांडून बसलो आणि अंगाला घासत राहिलो. नळाचं पाणी, खारट नाही, तरी कितीतरी वेळ काहीच येईना. सुनेनं दार वाजवलं, "बाबा, बरं आहे ना?" मी म्हटलं, "थांब." घासत राहिलो. शेवटी आला फेस. थोडा आला, पण पांढरा, आणि हलका.

वडी आता कोनाड्यात आहे. सुनेला सांगून ठेवलंय, तिला हात लावायचा नाही. रोज वापरतो. झिजेल. पातळ होऊन हातातून निसटायला लागली की बाजारातून एक नवी आणीन, दोन्ही ओल्या करीन, नवीच्या पोटाशी जुनी धरून दाबीन आणि रात्रभर सोडून देईन. सकाळी ती निघणार नाही.